टाकीखालची कबुतरं

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात तुकोजीराव भापकरांचं दुकान शोधायचं असेल तर पाटी बघत जाऊ नये. पाटीवर अजून 'घड़ीसाज़' असं लिहिलेलं आहे, आणि त्या दुकानात शेवटचं घड्याळ दुरुस्तीला येऊन वीस वर्षं झाली. कापडाच्या दोन दुकानांच्या मधे एक दार आहे, जेमतेम एक माणूस आडवा होऊन शिरेल एवढं. आत एक टेबल, एक दिवा आणि टेबलामागे तुकोजीराव. वय एकोणसत्तर. मिशा फौजेतल्या, पण फौजेत ते कधीच गेले नाहीत. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते. पुढच्या पिढ्यांकडे फौजेतलं म्हणून मिशा तेवढ्या आल्या, असं मी त्यांना तोंडावर म्हणते. ते हसतात आणि मिशीवरून हात फिरवतात.

ते दुर्बिणी दुरुस्त करतात. दुरुस्त म्हणजे तुटलेल्या जोडतात असं नव्हे, तेही करतात, पण त्यांचं खरं काम वेगळं आहे. आपल्या मेळ्यात थंडीच्या दिवसांत ज्या स्वस्त दुर्बिणी मिळतात, त्या ते बघण्यालायक करतात. ही विद्या ग्वाल्हेरात दुसऱ्या कुणाला येत नाही. मी तेहेतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, फळ्यावर किरणांच्या शेकडो आकृत्या काढल्या, पण मेळ्यातली दुर्बीण सूर्याकडे तोंड केलं की दुधासारखी का होते, हे मला पहिल्यांदा नीट समजलं ते त्या टेबलावर.

"प्रोफेसरबाई," ते म्हणाले होते, "भिंगं इतकी बुरी नसतात हो. गोष्ट सारी नळीच्या आत आहे. उजेड सरळ रस्त्याने आला तर पाहुणा. भिंतीवर टप्पा खाऊन आला तर चोर."

आणि त्यांनी माझी दुर्बीण उघडून दाखवली. आत नळी चकचकीत, स्टीलच्या ग्लासासारखी. लोलकांच्या कडा नुसत्या घासलेल्या, पांढऱ्या. पुढचं भिंग धरून ठेवणारी कडी तर अशी चमकत होती की तीत माझं नाक दिसत होतं. बाजूचा सगळा उजेड या नळीत शिरतो, भिंतींवर आपटतो आणि शेवटी डोळ्यात उतरतो. मग सावलीतली वस्तू काळी दिसायच्या ऐवजी करडी दिसते, करडी दिसायची ती दिसतच नाही. तुकोजीराव या उजेडाला चोरटा उजेड म्हणतात. महाग दुर्बिणीत तो अडवायची सोय कारखान्यातच केलेली असते. स्वस्त दुर्बिणीत ती तुकोजीराव करतात. नळीला आतून काळा मखमली कागद, लोलकांच्या कडांना काळा रंग, कडीला काळा रंग, आणि मधे भोक पाडलेली पत्र्याची एक चकती, भिंतीवरून येणाऱ्याला आडवी. रंग बाजारचा नाही. मोहरीच्या तेलाच्या दिव्यावर काजळी धरायची आणि ती स्पिरिटमधल्या लाखेत घोटायची. वडिलांनी शिकवलेलं.

काम झालं की परीक्षा. ती गच्चीवर. पश्चिमेला शेजारच्या गच्चीत विटांच्या चौथऱ्यावर पाण्याची काळी टाकी आहे. चौथरा मधे पोकळ आहे आणि तिथे कबुतरं बसतात. संध्याकाळी सूर्य टाकीच्या खांद्यावर आला की टाकीखाली गच्च सावली आणि वर डोळे दिपवणारा उजेड. त्या वेळी दुर्बीण लावायची आणि सावलीतली कबुतरं मोजायची. मोजता आली तर दुर्बीण पास. नाही आली तर पुन्हा टेबलावर. आणि दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासायच्या, एकाच डोळ्याने, उजव्या. "दोन्ही डोळ्यांनी बघितलं की एक डोळा दुसऱ्याची चूक झाकतो," हे त्यांचं वाक्य मी नंतर माझ्या वर्गात कितीदा तरी सांगितलं. पास झालेल्या दुर्बिणीच्या मागच्या भिंगाचं रबर उलटवून खालच्या कडीवर ते सुईने तीन बारीक रेघा ओढत. एक आजोबांची, एक वडिलांची, एक स्वतःची. त्या रेघांशिवाय दुर्बीण दुकानाबाहेर जात नसे, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

सोनल त्यांची एकुलती एक मुलगी. आई ती बारावीत असताना गेली. बी.एस्सी.ला माझ्याच हाताखाली होती. प्रयोगशाळेत हात असा की दुसऱ्यांचे आरसे हलायचे, हिचे हलायचे नाहीत. पुढे शिक म्हणून मी मागे लागले, तर म्हणाली, "मॅडम, मला दुकानच करायचंय." मी चिडले होते. तेव्हा मला वाटलं, पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तुकोजीरावांनाही ते फारसं पसंत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं आखडायला लागली, लोलक चिमट्यात धरवेना, तेव्हा आतलं काम हळूहळू तिच्याकडे गेलं. तपासणं मात्र त्यांच्याकडेच राहिलं. रेघाही तीनच राहिल्या.

गेल्या दिवाळीनंतर अपूर्व नावाचा एक तरुण मास्तर बारा दुर्बिणी घेऊन आला. शाळेतल्या मुलांना घेऊन तो जानेवारीत तिघऱ्याच्या धरणावर पक्षी मोजायला जातो. सकाळी तिथे ऊन सगळं पाण्यावर असतं, आणि मेळ्यातल्या दुर्बिणीतून मुलांना पाण्याऐवजी नुसती पांढरी चादर दिसते. बदक आहे की लाकडाचा ओंडका, हे मुलं अंदाजाने लिहितात. हे ऐकून तुकोजीराव ताठ बसले. अंदाजाने लिहिणं त्यांना सहन होत नाही, मलाही नाही. माझ्या प्रयोगशाळेत एकच नियम होता: जे दिसलं ते लिहा, पुस्तकात आहे ते नको.

त्या दिवशी त्यांनी कपाटातून एक दुर्बीण काढली. त्याच कंपनीची, तशाच रबराची, दोन वर्षांपूर्वी बोटं चालत होती तेव्हा त्यांनी स्वतः केलेली. सोनलच्या पुढे ठेवली.

"हा नमुना. बारा याच्यासारख्या पाहिजेत. मी हात लावणार नाही. बाराही पास झाल्या की चौथी रेघ तुझी."

मी तिथेच होते. सोनलने नमुना उचलला तो दोन्ही हातांनी. पाच वर्षं ती त्या रेघेची वाट बघत होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवस तिने जीव ओतला. नमुना उघडून बघायची, पुन्हा बंद करायची, आपल्या कामाशी ताडायची. नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्या चार दुर्बिणी गच्चीवर गेल्या आणि चारही नापास झाल्या. "धुकं आहे," तुकोजीराव म्हणाले. तिने त्या उघडल्या, कागद बदलला, कडांना दुसरा हात दिला. पुन्हा धुकं. चकतीचं भोक बारीक केलं. धुकं. एकदा तर तिने दुर्बिणीच्या मागे मोबाईल धरून फोटो काढला आणि वडिलांना दाखवला. सावलीतलं एकेक कबूतर त्यात वेगळं दिसत होतं. ते म्हणाले, "मोबाईल आपल्या मनाने साफ करतो सगळं. त्याचं काय धरतेस?" आणि यात ते चूक नव्हते, मोबाईल खरंच तसं करतो.

मी ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे तो शनिवार होता. अपूर्व काम कुठवर आलं ते बघायला आला होता, मी अशीच चहाला गेले होते, आणि टोपी बाजारातले आणखी दोघं जण गच्चीवर उन्हाला बसले होते. सूर्य टाकीच्या खांद्यावर आला. तुकोजीरावांनी पहिली दुर्बीण लावली, डावा डोळा मिटला, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे दिली. "बघा तुम्हीच. फिजिक्स शिकवलंय तुम्ही."

मी बघितलं. टाकीखालची सावली काळी कुळकुळीत होती, आणि तिच्यात सात कबुतरं होती. सातवं मान पंखात खुपसून अगदी कोपऱ्यात बसलेलं होतं, तेही दिसलं.

"सात आहेत ना, मॅडम?" सोनलने विचारलं. "मी खुद मोजली. सात आहेत."

तुकोजीराव म्हणाले, "कुठली सात? मला चारच्या वर दिसत नाहीत, आणि त्याही नुसत्या छाया. बोला प्रोफेसरबाई."

मी काय बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणाले, "तुकोजीराव, तुमची नजर माझ्याहून तयार आहे. तुम्हाला धुकं वाटत असेल तर असेल थोडं."

एवढंच. चाळीस वर्षं ज्याने आंधळ्या दुर्बिणींना डोळे दिले, त्या माणसाला चार लोकांसमोर तुम्ही चुकताय म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मोठ्या माणसाला लोकांसमोर खोटं पाडू नये, हे आपल्याकडे पाळण्यातच शिकवतात. पण मी तिची शिक्षिका होते. मला सात दिसली होती, आणि मी सात म्हटलं नाही.

तुकोजीरावांनी ट्रेमधल्या बाकीच्याही एकामागून एक लावल्या आणि सगळ्या नापास केल्या. सोनल एकदा माझ्याकडे बघून वडिलांकडे वळली. हळूच म्हणाली, "आबा, एकदा डोळे दाखवून येऊ या का? कंपूतल्या हॉस्पिटलात जाऊ, दहा मिनिटांचं काम आहे."

तुकोजीरावांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "काम जमलं नाही की कारागिराच्या डोळ्यावर ढकलायचं? या डोळ्याने तुझ्या आजोबांचं काम पास केलंय मी! हे बघा मास्तर," ते अपूर्वला म्हणाले, "बाकी सगळं येतं हिला. पण हिच्या हाताला काळं जमत नाही. जमणार पण नाही."

तिने सगळ्या दुर्बिणी ट्रेमध्ये गोळा केल्या आणि खाली घेऊन गेली. सोमवारपासून दुकानात आली नाही.

कंपूत हॉस्पिटलांच्या समोर चष्म्यांची दुकानं ओळीने आहेत. त्यातल्या एकात तिला नोकरी मिळाली. घरी जाई, वडिलांचा स्वयंपाक करी, दोघं जेवत, आणि दुर्बिणीचा विषय निघत नसे. तुकोजीराव बारा दुर्बिणी पुढ्यात घेऊन आपल्या आखडलेल्या बोटांनी पुन्हा उघडत होते, आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्या पुन्हा नापास करत होते. मी दोनदा गेले. टेबल त्यांनी फिरवून घेतलं होतं; दाराकडे पाठ. मी विचारलं तर म्हणाले, "बाजारातून उजेड फार येतो हल्ली." बाजार तोच होता, दारही तेच, आडव्या माणसाएवढं. पण तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. तेहेतीस वर्षं शिकवून माणूस किती मठ्ठ राहू शकतो याचा दाखला हवा असेल तर माझ्याकडे यावं.

शेवटी मला राहवेना आणि मी कंपूला गेले. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सोनल फ्रेमी पुसत होती.

"सोनल," मी म्हणाले, "त्या दिवशी मलाही सात दिसली होती."

"माहितीय मॅडम. तुम्ही मोजत होता ना, तर तुमची बोटं चालली होती. पाच झाली मग दोन." ती रागावून बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

मला रडू आलं. ते लपवायचा मी प्रयत्न केला नाही. तिने मला आत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग जे सांगितलं ते असं.

त्या शनिवारी ट्रेमध्ये बारा नव्हे, तेरा दुर्बिणी होत्या. तुलनेला म्हणून ती नमुनाही वर घेऊन आली होती, आणि बोलण्याच्या भरात तुकोजीरावांनी एकामागून एक तेराही लावून बघितल्या. तेराही नापास केल्या. खाली आल्यावर तिने प्रत्येकीचं रबर उलटवलं. अकरावीच्या खाली तीन रेघा निघाल्या.

"मग तू वर का नाही आलीस? तिथल्या तिथे दाखवायचंस!"

"कसं दाखवू, मॅडम? मास्तर होते, बाजारवाले होते. डोळे दाखवू या बोलली तर एवढे बिगडले. रेघा दाखवल्या असत्या तर... या सगळ्या लष्कर भागात आबांना लोक ओळखतात ते कशाने? त्या एका डोळ्यानेच ना. मला नाही जमत बोलले, तर बोलू देत. मी दुसरीकडे काम करून घेईन. ते कुठे जातील?"

"मोतीबिंदू असेल, दुसरं काय! काढून टाकता येतो तो."

"येतो ना. इथे रोज वीस जण काढून घेतात, मी बघते. पण आबांना आधी कबूल करावं लागेल की डोळा गेलाय. ते मी त्यांच्याकडून कसं करवून घेऊ? तुम्ही सांगू नका त्यांना, प्लीज."

मी मान हलवली. शब्द दिला नाही. एकदा गप्प बसून झालं होतं, दुसऱ्यांदा बसायचं नाही हे मी कंपूतून परत येताना रिक्षात ठरवलं. मुसळ आणि कुसळाची ती म्हण सबंध रस्ताभर माझ्या तोंडाशी येत होती, आणि ती तुकोजीरावांपेक्षा मलाच जास्त लागू होती.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी दुकानात गेले. म्हणाले, "तुकोजीराव, वर चला. आज सगळ्या मला तुमच्याबरोबर बघायच्या आहेत. आपण दोघंच." नमुना त्या शनिवारपासून ट्रेमध्येच पडून होता; तेरा एकसारख्या दुर्बिणींत तो कुठला हे रबर उलटल्याशिवाय कळलं नसतं. ते चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात मी तो शोधून ठेवला होता. हा सापळाच होता, दुसरं नाव त्याला नाही.

गच्चीवर दोघंच. टाकीखाली कबुतरं येऊन बसली होती. ते एकेक दुर्बीण लावत गेले, डावा डोळा मिटून, आधी एक नळी मग दुसरी, तसेच शिस्तीत. "धुकं. हीपण. हीपण." मी नववी म्हणून नमुना त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं.

"ही सगळ्यांत खराब," ते म्हणाले. "ही तर तिने मन लावून केलेलीच नाही."

मी म्हणाले, "रबर उलटवा."

"का?"

"उलटवा तर."

त्यांनी रबर उलटवलं. कडी डोळ्याजवळ नेली नाहीच; अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं. एकदा फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. तीन रेघा नखाला लागायला डोळ्यांची गरज पडत नाही.

बाजारातून स्कूटरचे हॉर्न वर येत होते. मग तुकोजीरावांनी तीच दुर्बीण पुन्हा उचलली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा उजवा डोळा मिटून डाव्याला लावली. त्यांचे ओठ हलत होते. मी मोजत होते की ते किती मोजतात.

"आठ," ते म्हणाले. मग ट्रेमधली दुसरी घेतली, सोनलची. "आठ." तिसरी. "आठ." बाराच्या बारा त्यांनी डाव्या डोळ्याने बघितल्या, एकही सोडली नाही, आणि दर वेळी आकडा मोठ्याने म्हटला. एरवी चालता-बोलताना दोन्ही डोळे उघडे असत, म्हणून त्यांना कधी कळलंच नव्हतं. एक डोळा दुसऱ्याची चूक झाकत होता. ते त्यांचंच वाक्य होतं, आणि ते मी त्यांना ऐकवलं नाही.

ते पाण्याच्या उलट्या बादलीवर बसले. म्हणाले, "हा नमुना तिच्याजवळ होता. तिने रबर बघितलं असेल."

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी. तुम्ही तिला बोललात, त्यानंतर पाच मिनिटांत."

"आणि ती मला बोलली नाही."

"नाही."

त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि चेहरा दोन्ही हातांनी झाकला. फौजेतल्या मिशांचा माणूस रडताना मी तोवर पाहिला नव्हता. "मी चार लोकांसमोर बोललो, बाई," एवढंच ते म्हणत राहिले. "मी चार लोकांसमोर बोललो तिला."

पुढचं मला सोनलने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कंपूला तिच्या दुकानात गेले. हॉस्पिटलातून सुटलेल्यांची तेव्हा गर्दी असते. ते रांगेत उभे राहिले. तिने पुढे बोलावलं तरी आले नाहीत. नंबर आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मुद्दाम हिंदीत, म्हणजे दुकानातल्या प्रत्येकाला समजावं, म्हणाले, "मेरी दाहिनी आँख खराब है. बेटी ने बताया था, मैंने नहीं माना. इसका काम सही था, ग़लती मेरी थी." मग मराठीत, हळू, "चल, कुठे दाखवायचा ते दाखव."

लोक बघत राहिले. सोनल म्हणते, मला काउंटरच्या बाहेर कसं यायचं तेच सुचेना.

डिसेंबरात मोतीबिंदू निघाला. महिनाभर काळा चष्मा, मान खाली घालायची नाही, गच्चीवर जायचं नाही. डॉक्टरांनी तेवढं सांगितलं नव्हतं, सोनलने सांगितलं होतं, आणि ते ऐकत होते. तिने कंपूतली नोकरी सोडली. बारा दुर्बिणींतून कबुतरं दिसत होती, पण वडिलांच्या उघडण्या-लावण्याने आतल्या कागदाच्या कडा सुटायला आल्या होत्या. तिने पुन्हा एकदा सगळ्यांचा कागद बदलला, काजळी नव्याने धरली. मी एक-दोन वेळा दिव्यापाशी बसले. काम करताना ती बोलत नाही.

पक्षी मोजायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. अपूर्वही आला होता, आणि टोपी बाजारातले ते दोघंही. तुकोजीरावांनी त्यांना घरी जाऊन निरोप दिला होता. सूर्य टाकीच्या खांद्यावर आला. सोनलने पहिली दुर्बीण उचलली आणि वडिलांपुढे धरली.

"बघा आबा. आता साफ दिसेल तुम्हाला. डॉक्टर बोलले ना, एकदम नवा झालाय डोळा."

त्यांनी दुर्बीण घेतली. डाव्या डोळ्याची पापणी सवयीने मिटली सुद्धा. दुर्बीण छातीपर्यंत आली, तिथे थांबली, आणि त्यांनी ती तिच्या हातात परत दिली.

"तू मोज."

तिने मोजली. एक नळी, मग दुसरी. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, कबुतरांकडे कुणीच नाही.

"नऊ."

"मग नऊ," तुकोजीराव म्हणाले. रबर उलटवून त्यांनी कडीवर सुईने तीन रेघा ओढल्या, सावकाश, बोटं दुखत होती म्हणून, आणि चौथीसाठी सुई तिच्याकडे दिली.